पाच गुणांचं अंतर

१९ जून २०१६, रविवार. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये, ओरॅकल अरीनात एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या, अंतिम मालिकेतला सातवा आणि निर्णायक सामना व्हायचा होता. गोल्डन स्टेट वॉरियर्स विरुद्ध क्लीव्हलंड कॅव्हलियर्स. आधीच्या सहा सामन्यांत दोघांनी तीन-तीन जिंकले होते. सहाही सामन्यांतले गुण एकाखाली एक मांडून बेरीज केली, तर वॉरियर्सचे भरत होते ६१० आणि कॅव्हलियर्सचेही ६१०. इतकी काट्यावरची बरोबरी, आणि तरी त्या सहांपैकी एकही सामना चुरशीचा झाला नव्हता. १५, ३३, ३०, ११, १५, १४ अशा फरकांनी ते निकाली निघाले होते. एके रात्री याने त्याला झोडपलं, दुसऱ्या रात्री त्याने याला.

त्या दिवशी लास व्हेगासच्या बुकींनी वॉरियर्सच्या नावापुढे लावलेला आकडा होता उणे पाचच्या आसपास. म्हणजे वॉरियर्सवर पैसे लावणाऱ्याला त्यांनी नुसतं जिंकून भागत नव्हतं. पाचपेक्षा जास्त गुणांनी जिंकायला हवं होतं. क्लीव्हलंडवर लावणाऱ्याचा संघ हरला तरी चालणार होतं, फक्त पाचाच्या आत हरायला हवा. नेमका पाचाचा फरक पडला तर ज्याचे पैसे त्याला परत. याला स्प्रेड म्हणतात. १९४० च्या दशकात शिकागोच्या चार्ल्स मॅकनील नावाच्या, एके काळी गणित शिकवणाऱ्या माणसाकडे या कल्पनेचं जनकत्व जातं. त्याआधी शर्यतीच्या घोड्यांप्रमाणे संघांचे भाव निघत. बलाढ्य संघावर लावलं तर सुटणार अगदी थोडं, दुबळ्यावर लावलं तर घसघशीत, पण ते सुटण्याची आशाच नाही. एकतर्फी सामन्यावर त्यामुळे कोणी पैसे लावायला धजत नसे. स्प्रेडने प्रश्नच बदलला. कोण जिंकणार ते सोडा, कितीने ते सांगा. त्यासरशी प्रत्येक सामना निदान कागदावर तरी बरोबरीचा झाला. मला ही बुद्धीची मोठी करामत वाटते. बास्केटबॉलचं सगळ्यात खोलवरचं नुकसान याच करामतीतून झालं, असंही मला वाटतं.

मी स्वतः पैज लावत नाही. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आजही लागू आहे आणि २०२५ मध्ये केंद्र सरकारने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी आणली, पण माझं कारण कायद्याचं नाही. सामन्याआधीचा तो अभ्यास मात्र मी मनापासून करतो. आपल्याकडे पहाट उजाडताना तिकडे संध्याकाळचे सामने सुरू होतात, आणि आदल्या रात्री मी कागद घेऊन बसतो. पैज कशी निवडावी हा प्रश्न खेळाकडे फार बारकाईने बघायला लावतो. नुसत्या चाहत्याला आपला संघ आवडला की पुरतं. पैज निवडणाऱ्याला दोन्ही संघांची सारखीच कदर करावी लागते.

तेव्हा त्या रविवारच्या सामन्याचाच कागद मांडू.

वॉरियर्सच्या बाजूने लिहायला इतकं होतं की हात दुखावा. ८२ सामन्यांच्या साखळीत त्यांनी ७३ जिंकले होते आणि शिकागो बुल्सचा १९९५-९६ चा ७२ विजयांचा विक्रम मोडला होता. घरच्या मैदानावर त्यांची त्या साखळीतली कामगिरी होती ३९ विजय, २ पराभव. मागच्या हंगामापासून घरी सलग ५४ साखळी सामने जिंकल्यावर एप्रिलच्या पहिल्या तारखेला बॉस्टनने ती मालिका तोडली होती. अंतिम मालिका सातव्या सामन्यापर्यंत ताणली गेल्याचे प्रसंग तोवर १८ आले होते आणि त्यांतले १५ यजमान संघाने जिंकले होते. पाहुण्या संघाने असा सामना शेवटचा जिंकला तो १९७८ साली. शिवाय ३-१ अशा पिछाडीवरून अंतिम मालिका कोणीच, कधीच जिंकली नव्हती.

दुसऱ्या बाजूची नोंद लहान दिसत होती, पण तिच्यात वजन होतं. वॉरियर्सचा उंच बचावपटू अँड्र्यू बोगट पाचव्या सामन्यात गुडघा दुखावून बाहेर गेला होता. बास्केटखाली उभा राहून येणाऱ्याला थोपवणारा माणूसच आता नव्हता. आंद्रे इग्वाडालाची पाठ सहाव्या सामन्यात आखडली होती, आणि लेब्रॉन जेम्सला अडवण्याची मुख्य जबाबदारी त्याच्यावरच होती. स्टेफन करीचा गुडघा प्ले-ऑफच्या पहिल्याच फेरीत मुरगळला होता. तो खेळत होता, पण झटकन दिशा बदलून समोरच्याला मागे टाकण्याची त्याची ती ऐट दिसत नव्हती. हॅरिसन बार्न्सला क्लीव्हलंडने चक्क मोकळा सोडायला सुरुवात केली होती, आणि मोकळा असूनही त्याचा चेंडू जाळीत पडत नव्हता. इकडे लेब्रॉनने पाचव्या आणि सहाव्या, दोन्ही सामन्यांत ४१-४१ गुण केले होते. पाचव्यात कायरी अर्व्हिंगनेही ४१.

या आकड्यांच्या आत डावपेच होते. क्लीव्हलंडला एक गोष्ट उमगली होती. करी ज्याला अडवतोय त्या खेळाडूला वर बोलवायचं, लेब्रॉनच्या किंवा अर्व्हिंगच्या रक्षकासमोर त्याला भिंतीसारखं उभं करायचं, आणि वॉरियर्सना रक्षकांची अदलाबदल करायला भाग पाडायचं. अदलाबदल झाली की अर्व्हिंगसमोर, नाहीतर त्या अजस्र लेब्रॉनसमोर, एकटा करी उरतो. हे एकदा करून काही होत नाही. रात्रभर, दर दुसऱ्या-तिसऱ्या हल्ल्यात केलं की करीचे पाय जड होतात, आणि जड पायांनी मारलेला लांबचा चेंडू रिंगच्या पुढच्या कडेवर आपटतो. म्हणजे क्लीव्हलंडचा हल्ला हाच वॉरियर्सच्या हल्ल्यावरचा उपाय होता. कुठल्याही एका रकान्यात ही गोष्ट सापडत नाही. ती बघावी लागते, पुन्हा पुन्हा, चित्रफीत थांबवून.

डीन ऑलिव्हर नावाच्या अभ्यासकाने २००४ मधल्या आपल्या ग्रंथात बास्केटबॉलचा सामना चार गोष्टींवर ठरतो असं मांडलं: बास्केट करण्यातली अचूकता, चेंडू न गमावणं, चुकलेला चेंडू परत मिळवणं आणि फ्री थ्रो मिळवणं. त्याच्या अंदाजाने त्यांचं वजन शंभरात साधारण ४०, २५, २० आणि १५. मला या मांडणीचं मोल वाटतं ते तिच्यातल्या शिस्तीसाठी. कागदावर काहीही लिहिलं, बोगटचा गुडघा असो की इग्वाडालाची पाठ, तरी विचारावंच लागतं की याचा परिणाम या चारांपैकी कशावर, आणि किती गुणांचा? बोगट नाही म्हणजे चुकलेले चेंडू परत मिळवणं अवघड, बास्केटजवळचे फटके सोपे. म्हणजे दोन गुण? तीन? जिद्द, इतिहास, क्लीव्हलंड शहराची १९६४ पासूनची विजेतेपदाची भूक या गोष्टी गुणांत मोडता येत नाहीत. आणि लिहिणाऱ्याला सगळ्यात जास्त त्याच लिहाव्याशा वाटतात.

घरच्या मैदानाचं मोलही असंच गुणांत मांडावं लागतं. पाहुण्यांना प्रवास असतो, परक्या गादीवरची झोप असते, आणि अटीतटीच्या क्षणी पंचांची शिट्टी गर्दीच्या बाजूने झुकते असं मानणारे अभ्यासक आहेत. डेन्व्हरसारख्या समुद्रसपाटीपासून मैलभर उंचीवरच्या गावात पाहुण्यांना धापच लागते. सगळं मिळून दोन-तीन गुणांचा फायदा. त्या रविवारी मात्र दोन्ही संघांना सारखाच प्रवास करून सारखेच दोन दिवस मिळाले होते, तेव्हा प्रवासाचा मुद्दा झटकन संपत होता.

हे सगळं लिहून झाल्यावर माणसाला वाटतं, आता आपल्याला काहीतरी कळलंय. त्यापुढचा विचार कठीण आहे. बोगटचा गुडघा बुकीलाही ठाऊक आहे. बार्न्सचे चुकलेले चेंडू त्यानेही मोजलेत, करीची अदलाबदल त्याच्या माणसांनीही पाहिली आहे, आणि त्याला न कळलेलं जे होतं ते आधीच मोठ्या रकमा लावून गेलेल्या जाणकारांनी आकडा हलवून त्याला सांगितलंय. तो पाचाचा आकडा म्हणजे माझ्या कागदावरच्या सगळ्या ओळींचं आधीच कोणीतरी काढलेलं उत्तर. तेव्हा कोण वरचढ हा प्रश्न पैज लावणाऱ्याच्या कामाचाच नाही. जगाने काढलेलं उत्तर किती चुकलंय, आणि कुठल्या दिशेने, एवढंच त्याला विचारायचं असतं. त्यात बुकीची दलाली वेगळी. अमेरिकेत रूढ हिशेब असा, की १०० डॉलर जिंकायला ११० लावायचे. नुसतं नाणं उडवून निवड करणारा माणूस निम्म्या वेळा बरोबर येतो आणि तरी सावकाश कंगाल होतो. जमाखर्च जुळवायला शंभरातल्या ५२.३८ पैजा जिंकाव्या लागतात. अडीच टक्के ऐकायला थोडे वाटतात, पण जन्मभर हाच धंदा केलेल्यांनाही ते टिकवता येत नाहीत.

ज्यांना जमलं त्यांच्यापैकी हॅरलाबॉस वुल्गारिस या कॅनडाच्या माणसाची गोष्ट मला विचार करायला लावते. त्याचा मोठा फायदा कोणत्या दिव्य दृष्टीतून आला नाही. सामन्यात एकूण किती गुण होतील यावर पैजा लागतात. आपल्याकडे क्रिकेटच्या सट्ट्यात अमुक षटकांत किती धावा यावर ‘सेशन’ लागतं तशातलाच प्रकार. पूर्ण सामन्याचा आकडा काढून बुकी पूर्वार्धासाठी त्याचा सरळ अर्धा करत. वुल्गारिसच्या लक्षात आलं, की सामना संपत आला की पिछाडीवरचा संघ घड्याळ थांबवण्यासाठी मुद्दाम फाउल करतो, फ्री थ्रोंची रांग लागते, आणि उत्तरार्धात गुण वाढतात. दोन अर्ध सारखे नसतात. बस, एवढंच. बुकींना ते कळेपर्यंत त्याने त्यावर भरपूर कमावलं. पुढे २०१८ मध्ये डॅलस मॅव्हरिक्सने त्याला आपल्या संघात संख्याशास्त्रीय संशोधनाचं काम दिलं. एनबीएच्या संघात नोकरी म्हणजे त्या लीगवर पैज लावणं बंद. इतकी वर्षं पैशासाठी ज्याने खेळ वाचला, त्याने खेळाच्या आत जाण्यासाठी पैजा सोडल्या, हे मला फार समजण्यासारखं वाटतं.

मुंबईच्या वाचकाला इथे मटका आठवेल, आणि आठवावाच. मटक्याचं मूळ अमेरिकेतच होतं. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले उघडते आणि बंद होणारे भाव तारेने मुंबईत येत आणि त्यांच्या शेवटच्या आकड्यांवर पैसे लागत. तो प्रकार १९६० च्या दशकाच्या आरंभी बंद पडला, मग मडक्यातून चिठ्ठ्या आणि पुढे पत्ते काढणं सुरू झालं. ओपन आणि क्लोज हे शब्द मात्र राहिले. गिरणगावात मटका खेळणारे लोक जुन्या आकड्यांचे तक्ते घेऊन बसत, तासन्‌तास. कुठला आकडा किती दिवसांत आलेला नाही, कुठल्यामागून कुठला येतो. त्यांची तन्मयता माझ्या कागदापुढच्या तन्मयतेहून तसूभर कमी नव्हती. पत्त्यांना स्मरण नसतं, त्या तक्त्यात शोधण्यासारखं काही नव्हतंच, हा फरक खरा आणि मोठा आहे. बास्केटबॉलमध्ये कारणं असतात. दुखरा गुडघा, जड पाय, मोकळा सोडलेला बार्न्स ही खरी कारणं आहेत. पण कारणांची रेलचेल हाही एक धोका आहे, कारण मग जे निवडावंसं वाटतं त्याला कारण सापडतंच. १९८५ मध्ये गिलोविच, व्हॅलोन आणि ट्वर्स्की या तीन मानसशास्त्रज्ञांनी फिलाडेल्फिया सेव्हन्टीसिक्सर्सचे फटके तपासून ‘हात तापणं’, म्हणजे सलग काही फटके पडले की पुढचाही पडणार असं वाटणं, हा भास आहे असं दाखवलं. पुढे तीस-एक वर्षं ते शहाणपण म्हणून शिकवलं गेलं. मग २०१८ मध्ये मिलर आणि सॅनहुर्हो या दोघांनी त्या मूळ गणितातच एक सूक्ष्म दोष दाखवला आणि प्रश्न पुन्हा उघडला. पत्त्यांच्या बाबतीत असा वाद होऊ शकत नाही. माणसांच्या खेळात तो तीस वर्षांनी पुन्हा उकरला जातो, यातच या अभ्यासाचं आकर्षण आहे आणि त्याच्यावर घर गहाण न टाकण्याचं कारणही आहे.

आता सामना.

पूर्वार्धात वॉरियर्स ४९-४२ असे पुढे होते. त्यांचा ड्रेमंड ग्रीन असा खेळत होता की डोळ्यांवर विश्वास बसू नये. हा मूळचा बचाव करणारा, चेंडू वाटणारा खेळाडू. त्या रात्री त्याने ३२ गुण केले, १५ रिबाउंड घेतले, ९ पास गुणांत बदलले, आणि लांबून मारलेल्या ८ थ्री-पॉइंटर्सपैकी ६ टाकले. आदल्या दिवशी कोणी कानात येऊन सांगितलं असतं की उद्या ग्रीन ३२ करणार आहे, तर क्लीव्हलंडवर एक डॉलरही कोणी लावला नसता. माझ्याही कागदावर नसलेली ही ओळ खरी ठरली असती, आणि तिच्यावरून काढलेला निष्कर्ष साफ खोटा.

तिसरं सत्र संपलं तेव्हा वॉरियर्स ७६-७५ असे पुढे. आणि मग शेवटची पाच मिनिटं. ८९-८९ अशी बरोबरी झाली तेव्हा घड्याळात ४ मिनिटं ३९ सेकंद उरले होते. त्यानंतर जवळजवळ पावणेचार मिनिटं कोणालाच गुण मिळेना. बास्केटबॉलमध्ये पावणेचार मिनिटं म्हणजे फार मोठा काळ. जगातले सर्वोत्तम नेमबाज सोपे फटके चुकवत होते. १ मिनिट ५० सेकंद उरले असताना इग्वाडाला मोकळ्या बास्केटकडे निघाला, जे. आर. स्मिथने त्याला किंचित थबकायला लावलं, आणि मागून, जवळजवळ अख्खं मैदान पळत आलेल्या लेब्रॉनने तो चेंडू काचेच्या फळीवर चिरडला. मग ५३ सेकंद उरले असताना अर्व्हिंगने उजवीकडून पाऊल मागे घेत करीच्या डोक्यावरून थ्री-पॉइंटर मारला. समोर अदलाबदलीने आलेला करीच होता. सबंध मालिका जे चाललं होतं त्याचं ते शेवटचं रूप. पुढच्या चढाईत उलट अदलाबदल झाली: करीसमोर केव्हिन लव्ह आला. उघड्यावर बचावाला कच्चा म्हणून ज्याच्याकडे सगळे बोट दाखवत, तो लव्ह. त्याने करीला सोडलं नाही. करी एकीकडे झुकला, दुसरीकडे झुकला, मागे आला, पुन्हा पुढे गेला, लव्ह समोरच. चेंडू चुकला. १०.६ सेकंद उरले असताना मनगटावर आपटलेल्या लेब्रॉनने दोनांपैकी एक फ्री थ्रो टाकला. ९३-८९.

या शेवटच्या मिनिटाकडे आता पैजेच्या चिठ्ठीतून बघू. ज्याने क्लीव्हलंडवर, पाच गुणांच्या सवलतीसह, पैसे लावले होते त्याची पैज ८९-८९ लाच जवळपास जिंकून झाली होती. एका मिनिटात वॉरियर्स सहा गुणांनी पुढे जाणं फार अवघड. एकूण गुणांवर लावणाऱ्यांचा निकाल तर त्याहूनही आधी लागला: बाजाराचा आकडा दोनशेच्या वर होता, आणि बेरीज झाली १८२. ज्याने वॉरियर्सवर, पाच देऊन, लावले होते त्याची गत सगळ्यांत चमत्कारिक. त्याला आता आपला संघ जिंकायला नकोच होता. सामना बरोबरीत सुटावा, जादा वेळ मिळावा, आणि त्या पाच मिनिटांत वॉरियर्सनी सहाने पुढे जावं, एवढीच त्याची आशा. अर्व्हिंगचा तो फटका, लव्हचा तो बचाव, बास्केटबॉलच्या इतिहासातलं हे सगळ्यात मौल्यवान मिनिट, आणि बहुतेक चिठ्ठ्यांच्या दृष्टीने ते रिकामं होतं. उलट जानेवारीतल्या कुठल्याशा मंगळवारी, वीस मिनिटांपूर्वीच निकाल लागलेल्या सामन्यात, राखीव खेळाडूने शेवटच्या सेकंदाला सहज म्हणून टाकलेल्या बास्केटवर फरक आठाचा सहा होतो आणि लाखो डॉलर या खिशातून त्या खिशात जातात. त्या बास्केटला खेळात काही अर्थ नसतो.

विजय आणि फरक या दोन गोष्टी स्प्रेडने वेगळ्या केल्या. त्यांच्या मधल्या फटीत जे शिरलं ते फार जुनं आहे. १९५० मध्ये न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजने एनआयटी आणि एनसीएए या कॉलेज बास्केटबॉलच्या दोन्ही स्पर्धा एकाच वर्षी जिंकल्या. ते फुकट शिक्षण देणारं सरकारी कॉलेज, मुलं न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांतली, ज्यू आणि कृष्णवर्णीय. सगळं शहर त्यांच्यावर जीव टाकत होतं. वर्षभरात त्यांच्यातल्या अनेकांना अटक झाली. सट्टेबाजांनी त्यांना सांगितलं होतं ते असं: हरू नका, फक्त कमी फरकाने जिंका. वीस वर्षांच्या मुलाला, ज्याच्या घरात चणचण आहे आणि ज्याच्या नावावर तिकिटं खपून पैसा दुसरेच मिळवतायत, त्याला यात संघाशी दगा दिसणं कठीण होतं. पराभव घ्या म्हटलं असतं तर त्यांच्यातल्या बहुतेकांनी तोंडावर नाही म्हटलं असतं, असं मला वाटतं. त्याच प्रकरणाच्या लाटेत केंटकी विद्यापीठाचे, १९४८ च्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवलेले राल्फ बिअर्ड आणि अ‍ॅलेक्स ग्रोझा सापडले आणि एनबीएतून जन्मभरासाठी बाद झाले. बिअर्डने पैसे घेतल्याचं कबूल केलं. आपण कधी कमी खेळलो हे त्याने आयुष्यभर नाकारलं. फरकाच्या पैजेत हे सिद्ध करणं आणि खोडणं, दोन्ही अशक्यप्राय असतं. चुकलेला चेंडू चुकलेल्या चेंडूसारखाच दिसतो.

२००७ मध्ये सामन्यांवर पैजा लावणाऱ्या टिम डोनाही या एनबीएच्या पंचाचं प्रकरण उघड झालं आणि पुढच्या वर्षी त्याला १५ महिन्यांची शिक्षा झाली. आणि मग १४ मे २०१८ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने खेळांवरच्या पैजांचा १९९२ चा केंद्रीय निर्बंध रद्द केला, राज्याराज्यांत पैजा कायदेशीर झाल्या, आणि फट आणखी बारीक होत गेली. आता फरकही नको. एका खेळाडूचे किती रिबाउंड, किती पास, किती मिनिटं, यावर पैजा. न्यू जर्सीत राहणारा माझा मावसभाऊ, वयाने मोठा, एकदा फोनवर मला सांगत होता की त्याच्या माणसाने अकरावा रिबाउंड घेतला आणि पैसे सुटले. मी विचारलं, “दादा, पण मॅच कोणी मारली?” तो म्हणाला, “थांब हं, बघून सांगतो.” हाच दादा लहानपणी मला बाभळीच्या खांबावर ठोकलेल्या रिंगखाली उभं करून चेंडू पकडायला शिकवत होता. खेळावरचं त्याचं प्रेम कमी झालंय असं मी म्हणणार नाही. त्याची नजर मात्र आता कुठे ठेवायची हे दुसरं कोणीतरी ठरवतं.

२०२४ मध्ये टोरंटो रॅप्टर्सचा जॉन्टे पोर्टर या पैजांसाठी, बरं नसल्याचं सांगून, काही मिनिटांतच सामन्यातून बाहेर पडला. कोर्टवर तो राहिला नाही तर त्याचे रिबाउंड कमीच होणार, आणि कमीवर ज्यांनी लावलं होतं ते जिंकणार. १७ एप्रिल २०२४ ला लीगने त्याला कायमचं बाद केलं. तो संघाच्या कडेचा, कमी पगाराच्या करारावरचा खेळाडू होता, आणि अशा कराराच्या खेळाडूंवरच्या ‘कमी होईल’ या पैजा नंतर बंद झाल्या. मला तेवढं पुरेसं वाटत नाही. कोणत्याही एका माणसाने कमी खेळावं यावर पैसे लावू देणारी पैज, तो माणूस कितीही मोठा असो, मुळातच खेळाविरुद्ध आहे. ती सगळ्यांच्या बाबतीत बंद व्हायला हवी. आपल्याकडे २००० मध्ये हॅन्सी क्रोनिएच्या आणि २०१३ मध्ये आयपीएलच्या प्रकरणांनी काय झालं ते ज्यांनी पाहिलंय, त्यांना हे पटवून द्यावं लागू नये. एका षटकातल्या धावा तेव्हा आपल्याकडेही सामन्यापासून तोडून विकल्या गेल्या होत्या.

तरीही मी कागद मांडतो, आणि मांडत राहीन. बाजाराचा आकडा बघण्याआधी माझा आकडा लिहितो, मग दोन्ही शेजारी ठेवतो. तीन-चार गुणांचा फरक निघाला तर बाजाराला काय दिसलं जे मला दिसलं नाही, ते शोधायला पुन्हा चित्रफितींकडे जातो. बहुतेक वेळा सापडतं: कोणाचा तरी दुखरा घोटा, सलग दुसऱ्या रात्रीचा सामना, एखाद्या प्रशिक्षकाने बदललेला पाचजणांचा मेळ. कधी सापडत नाही. २०१६ च्या त्या कागदावर आजही मला न सुटलेली एक ओळ आहे. हॅरिसन बार्न्सने शेवटच्या तीन सामन्यांत ३२ फटके मारले आणि ५ टाकले. त्यांतले बरेच मोकळे होते. क्लीव्हलंडने ते त्याला देऊ केले होते. एवढा चांगला नेमबाज, इतके मोकळे फटके. ही थकव्याची गोष्ट, मनावरच्या दडपणाची, की मोजून तीन रात्री चेंडू रिंगवरून बाहेर उडत राहण्याची निव्वळ आकस्मिकता? सहाव्या सामन्यानंतर कोणी मला विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, सातव्यात पडतील. त्याने १० मारले, ३ पडले.

दोन आठवड्यांनी, ४ जुलैला, केव्हिन ड्युरांटने वॉरियर्सकडे येत असल्याचं जाहीर केलं. ड्युरांट बार्न्सच्याच जागी खेळणार होता. बार्न्स डॅलसला गेला, बोगटही गेला, आणि पुढच्या जूनमध्ये याच दोन संघांची अंतिम मालिका वॉरियर्सनी ४-१ अशी जिंकली. त्या मालिकेसाठी जुन्या कागदावरची एकच ओळ उपयोगी पडली: करीला अदलाबदलीत ओढायचं, ती. बाकी सगळं पहिल्यापासून लिहावं लागलं.